चिंध्या भांडतात

घरात तिला सगळे धाकटी म्हणत आणि पालिकेत निरीक्षकबाई. ही दोन्ही माणसं एकाच जोडीच्या चपलांत फिरत असली, तरी त्यांची एकमेकींशी फारशी ओळख नव्हती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पालिकेच्या घातक माल विभागात निरीक्षकबाईंचा दरारा होता. गॅरेजं, छापखाने, रंगाची दुकानं, ड्रायक्लीनिंगवाले, बॅटऱ्या दुरुस्त करणारे, अशा सगळ्यांकडे त्या जात. कुठला डबा कुठल्या डब्याशेजारी ठेवायचा नाही, जुनं तेल गटारात का ओतायचं नाही, हे समजेपर्यंत सांगत. समजलं नाही तर पुन्हा सांगत. तरीही नाही समजलं तर दंडाची पावती फाडत, आणि मग मात्र समोरच्याला लख्ख समजे. फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांसाठी तर त्यांचं खास भाषण होतं. अळशीच्या तेलाने भिजलेली चिंधी वाळताना आपोआप तापते. एकटी तारेवर असली तर ती ऊब वाऱ्यावर निघून जाते. पण दहा-वीस चिंध्यांचा बोळा करून कोंबला तर ऊब आतच कोंडते, वाढत जाते, आणि काडी न ओढता सगळं पेटतं. म्हणून लोखंडी ड्रम घ्यायचा, त्यात पाणी, पाण्यात बुडवलेल्या चिंध्या, वर घट्ट झाकण. पालिकेची गाडी येऊन तो माल घेऊन जाते. विभागात या सगळ्या उठाठेवीला मिळून एकच शब्द होता, आवरणं. ‘त्याचा माल आवरलेला आहे’ म्हटलं की ड्रम, पाणी, झाकण सगळं त्यात आलं.

शहरातल्या प्रत्येक पॉलिशवाल्याला हे भाषण पाठ होतं. एक जण सोडून, आणि तो त्यांचा सख्खा भाऊ होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. कारणंही होती म्हणा. नात्यातल्या माणसाचा धंदा आपण तपासायचा नाही असा नियम असल्यामुळे दादाचं वर्कशॉप दुसऱ्या निरीक्षकाच्या वाट्याला होतं. आणि घरी, जेवायच्या ताटावर, दादाला शिकवणार कोण? वडील गेल्यावर त्यानेच धाकटीला वाढवलं, शिकवलं, आणि तिला नोकरी लागली तेव्हा ‘आता आमच्या घरातच सरकार आहे’ असं गल्लीभर सांगत सुटला. अशा माणसाला ‘तुझं चुकतंय’ म्हणायला तिची जीभ रेटत नसे. एकदा धीर करून म्हणाली होती, “दादा, एक ड्रम घे ना.”

“बाबांनी घेतला होता का?” दादाने विचारलं, आणि विषय तिथेच मिटला.

बाबा चिंध्या मागच्या अंगणात तारेवर वाळत घालत. एकेक सुटी, दोन चिंध्यांमध्ये हातभर अंतर. लहानपणी दोघं भावंडं विचारायची, असं का? बाबा म्हणायचे, “एकत्र ठेवल्या की भांडतात.” पोरं खदखदून हसायची. बाबांना खरं कारण माहीत होतं, की त्यांच्या उस्तादाने त्यांनाही हेच सांगून गप्प केलं होतं, देव जाणे. दादा अजून तसंच करायचा, का ते न विचारता. तारेवरच्या त्या तपकिरी, कडक झालेल्या चिंध्या दिसायला भयंकर होत्या. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, कुठल्या भुताटकीचं धुणं वाळत घातलंय. पण इतक्या वर्षांत त्या बापड्या कधी भांडल्या नव्हत्या.

गेल्या तपासणीत दादाला ड्रम नसल्याबद्दल ताकीद मिळाली होती. दुसरी मिळाली की परवाना बंद, आणि परवाना बंद म्हणजे घराची चूल बंद. म्हणून त्या दिवशी दुपारी विभागातले दुसरे निरीक्षक गाडीवाल्याला ‘उद्या सकाळी त्या ताकीदवाल्या पॉलिशवाल्याकडे’ म्हणाले, तेव्हा धाकटीने हातातलं पेन खाली ठेवलं. या निरीक्षकांना सगळे फूटपट्टी म्हणत. खिशात कायम मोजायची टेप, आणि स्वभावही तसाच सरळ. थिनरचा डबा दारापासून किती लांब हे ते वाकून, गुडघे टेकून मोजत. त्यांनी कधी कोणाचा चहा घेतला नव्हता. आणि तपासणीची खबर आधी बाहेर गेली तर सांगणाऱ्याची नोकरी जाते, हा नियम धाकटीनेच नव्या लोकांना शिकवला होता.

ती पाण्याच्या कूलरमागे गेली आणि तोंडावर हात धरून दादाला फोन लावला.

“दादा, उद्या तपासणी आहे. आवरून ठेव.”

“आवरतो,” दादा म्हणाला.

कोणीतरी पाणी प्यायला आलं, तिने फोन ठेवला. एवढंच बोलणं. तिला वाटलं, सुटलो. वर्कशॉपसमोरच हार्डवेअरचं दुकान आहे, संध्याकाळी जाऊन ड्रम आणेल. दादालाही वाटलं, सुटलो. पाहुणे यायचे असले की घर आवरतात, तसं आवरायचं, त्यात काय मोठं? दोघांनी एकच शब्द उच्चारला आणि दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागले.

रात्री दादा-वहिनी उशिरा परतले तेव्हा ती झोपली होती, आणि सकाळी ते तिच्याआधीच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिचं कशात लक्ष लागेना. केलं ते वाईट केलं हे तिला कळत होतं. पण आता केलंच आहे तर निदान कामी तरी येऊ दे, असं चोरासारखं तिच्या मनात येत होतं. शेवटी न राहवून तिने वहिनीला फोन केला.

“वहिनी, आले का गं साहेब?”

“आलेत. बाहेर टेप लावून काहीतरी मोजतायत.” वहिनीचा आवाज हळू होता, पण आनंद त्यात मावत नव्हता. “अगं, तू बघशील तर ओळखायची नाहीस. तार रिकामी! मागे एक चिंधी दिसली तर नाव बदलून ठेव माझं. ह्यांनी आणि मी काल उशिरापर्यंत आवरलं. त्यात काल दारांची ऑर्डर होती, हे एवढाल्या ओल्या चिंध्या.”

“मग ड्रम आणलात ना?”

“कसला ड्रम? चिंधीच दिसली नाही तर ड्रम कोण मागणार? सगळ्या पेटीत घातल्या. जुनी ब्लँकेटं ठेवतो ना, त्या पेटीत. गच्च दाबून भरल्या आणि वर ब्लँकेटं टाकली.” वहिनी हसली. “आणि पेटीवर कोणाला बसवलंय सांगू? आईंना! ह्यांची आयडिया. म्हातारीला उठवून पेटी उघडा म्हणायची कोणाची टाप आहे? आईही खूश आहेत. म्हणतात, आज पेटी कशी उबदार लागतेय, कंबरेला बरं वाटतंय.”

धाकटी खुर्चीवरून ताडकन उठली.

“वहिनी, आईला उठव. आत्ताच्या आत्ता उठव.”

“अगं, आत आले ते. ठेवते हं,” वहिनी म्हणाली, आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. साहेब समोर असताना फोन वाजला तर बरं दिसत नाही, म्हणून घरच्यांनी एकजात फोन बंद करून ठेवले होते. आदरसत्कारात हे घर कधी कमी पडलं नाही.

जिना उतरून ती स्कूटरपाशी आली तेव्हा तिला आठवलं, फूटपट्टीचा फोन कधीच बंद नसतो. तो माणूस आईपासून चार पावलांवर उभा असणार. ‘साहेब, पेटीवरून माझ्या आईला उठवा, पेटी पेटणार आहे,’ एवढं एकच वाक्य पुरे होतं. तिने नंबर लावला. तिकडे रिंग वाजली. आणि त्या एका रिंगेत तिच्या मनात सगळं फिरून आलं. ते विचारतील, बाई, पेटीत काय आहे हे तुम्हाला ऑफिसात बसून कसं कळलं? मग कालचा फोन निघणार. मग नोकरी. तिने फोन कापला. स्वतःलाच समजावलं, मी जवळच आहे, गुपचूप जाते, लेक म्हणून आईला बाहेर नेते, पेटी अंगणात ओढते, कोणाला काही कळायचं नाही. घाबरलेल्या माणसाला आपली लबाडी नेहमी शहाणपणासारखीच दिसते. तिने स्कूटर सुरू केली.

रस्त्यात सिग्नल लागले. प्रत्येक सिग्नलला ती फोनकडे बघायची आणि म्हणायची, आता पोचतेच आहे.

वर्कशॉप खरोखरच ओळखू येत नव्हतं. फरशी पुसलेली, स्पिरिटचे डबे रांगेत, पॉलिश झालेली दारं भिंतीला टेकून चकाकत होती. मधोमध फूटपट्टी टेप गुंडाळत उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. दादा हात बांधून शेजारी. मागच्या भिंतीशी पेटी, आणि पेटीवर आई पदर सावरून, देवळातल्या मूर्तीसारखी निश्चल बसलेली.

धाकटीला दारात बघून दादाच्या भुवया वर गेल्या. ‘तू कशाला आलीस?’ असं त्याने नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

“बाई, तुम्ही इथे?” फूटपट्टी म्हणाले.

“आईला न्यायला आले. दवाखान्यात.” ती सरळ आईकडे गेली. जवळ जाताच तिला वास आला. तापलेल्या तेलाचा, कढई चुलीवर विसरल्यावर येतो तसा. तिने आईचा दंड धरला. “आई, ऊठ. चल.”

“मी नाही उठायची,” आई म्हणाली.

“आई, ऊठ म्हणते ना!”

“कोणीही सांगितलं तरी उठायचं नाही, असं दादाने बजावलंय. तू कोण सांगणार? मोठा तो आहे की तू?” मग आवाज जरा खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने आई म्हणाली, “आणि इथे शेकही छान बसतोय गं. जरा जास्तच झालाय आता, पण बरं वाटतंय.”

फूटपट्टींनी नाक वर केलं. “वास कसला येतोय?”

दादा धाकटीकडे बघत होता, मान अगदी बारीक हलवत, नको, नको. लहानपणी काच फुटल्यावर तो असाच बघायचा आणि मग स्वतः मार खायचा. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि तिला फार भीती वाटली, नोकरीसाठी नव्हे, त्या माणसासाठी.

“पेटीत चिंध्या आहेत,” ती मोठ्याने म्हणाली. “अळशीच्या तेलाच्या, काल भरलेल्या, गच्च. साहेब, आईला धरा. झाकण कोणी उघडू नका. बंद पेटी तशीच बाहेर ओढायची.”

फूटपट्टींनी एका शब्दाने काही विचारलं नाही. त्यांनी म्हातारीला दोन्ही हातांनी उचललं, आयुष्यात पहिल्यांदा काही न मोजता. आई ओरडत राहिली, “अरे दादा, बघ हे काय करतायत!”

आणि दादाला वाटलं, अजून वेळ आहे. चिंध्याच तर आहेत, काढून फेकल्या की झालं. बहिणीचं वाक्य त्याने अर्धंच ऐकलं. चिंध्या आहेत एवढं ऐकलं, उघडू नका हे नाही. त्याने झाकण वर केलं आणि दोन्ही हात आत घातले.

आतापर्यंत आत नुसती धग होती. हवा लागताच ती भडकली. दादा ओरडला नाही, हेच धाकटीला नंतर आठवत राहिलं. त्याने पेटलेला बोळा छातीशी धरून उचलला, डब्यांकडे वळला, डबे दिसले तसा थबकला, आणि उलटा फिरून मागच्या दारातून अंगणात धावला. तिने पेटीचं झाकण दाणकन आपटलं. मग तिने आणि वहिनीने पेटी खरखरत फरशीवरून बाहेर ओढली, आणि फूटपट्टींनी अंगणातल्या नळाची नळी त्यावर सोडली. वर्कशॉप वाचलं. आईला नुसता चटका बसला होता. दादा नळाशी बसून हात पाण्याखाली धरून होता आणि त्या हातांकडे कोणाला बघवत नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर फूटपट्टींनी रुमालाने कपाळ पुसलं. वहिनी ॲम्ब्युलन्सला फोन करत होती.

“या पेटीत का ठेवल्या होत्या?” त्यांनी विचारलं.

“मी नेहमी तिथेच ठेवतो,” दादा लगेच म्हणाला. दात आवळलेले होते, तरी म्हणाला. “माझीच चूक. हिचा काही संबंध नाही.”

हे वाक्य फूटपट्टींनी लिहिलं असतं तर परवाना कायमचा गेला असता. आग लागेल असा माल रोज पेटीत कोंबणारा माणूस, म्हातारी आईला त्यावर बसवणारा माणूस. आणि धाकटी उद्या ऑफिसात जाऊन आपल्या खुर्चीवर बसली असती, निरीक्षकबाई म्हणून.

फूटपट्टी तिच्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. “बाई, मघाशी तुमचा फोन आला होता मला. एकदाच वाजला. मी आत होतो, म्हटलं पुन्हा कराल.”

“खोटं बोलतोय दादा,” ती म्हणाली. “त्याच्या चिंध्या रोज तारेवर असतात, सुट्या सुट्या. ती बघा तार. तपासणी आहे, आवरून ठेव, असं काल मी त्याला सांगितलं. काय आवर, कसं आवर, हे नाही सांगितलं. आणि आज मला कळलं होतं, साहेब. फोन लावला तेव्हा कळलं होतं. मी कापला.”

“धाकटे, गप्प बस,” दादा नळाखालून म्हणाला.

“हे मी ऐकलं नाही असं समजू का?” फूटपट्टींनी अगदी हळू विचारलं. त्यांच्यासारख्या माणसाने हे विचारावं, यातच त्यांची माया होती.

“ऐकलंत,” ती म्हणाली.

दवाखान्यात दादा तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बँडेजातले हात उशीवर ठेवून छताकडे बघत म्हणाला, “तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?”

“कोणत्या वेळी?” तिने विचारलं. “कूलरमागे, की अंगणात?”

दादाने छतावरची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, “मधल्या वेळी बोलायचं होतंस गं, रिंग वाजली तेव्हा.” तिला तिथेच रडू फुटलं, आणि आवर, आवर म्हणत नर्सने तिला बाहेर नेलं.

चिंध्या पेटीत गेल्या त्या पालिकेच्याच माणसाच्या निरोपामुळे, म्हणून दादाला दुसऱ्या ताकिदीऐवजी दंड झाला आणि परवाना राहिला. फूटपट्टींनी होतं तसंच लिहिलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. धाकटीला पालिकेने घरी बसवलं. चौकशी चालू आहे, नोकरी राहील असं कोणीच म्हणत नाही, तीही नाही. आता ती रोज वर्कशॉपमध्ये येते. दारातच लोखंडी ड्रम आहे. संध्याकाळी ती एकेक चिंधी पाण्यात बुडवते आणि झाकण लावते. आई मात्र त्या पेटीच्या जागी ठेवलेल्या खुर्चीवर बसून कुरकुरते की पेटीची सर खुर्चीला नाही.

दादाचे हात बरे झाले, म्हणजे भाकरीचा तुकडा मोडण्यापुरते. ब्रश धरता येतो. पण पॉलिश हातात नसतं, तळव्यात असतं. फळीवरून तळवा फिरवून खरखर कुठे राहिली हे कळलं तर पॉलिशचा पुढचा हात द्यायचा, हे बाबांनी शिकवलं होतं. दादाच्या तळव्यांना आता काहीच कळत नाही. नवी कातडी गुळगुळीत आहे, तिला सगळंच गुळगुळीत लागतं.

परवा एक मोठं टेबल तयार होत होतं. दादाने सवयीने तळवा फिरवला, थांबला, आणि तिला हाक मारली.

“तू बघ हात लावून.”

तिने पदराला हात पुसून फळीवर ठेवला. “छान झालंय.”

“छान म्हणजे काय?” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण डोळे तिच्यावरून हलत नव्हते. “नीट सांग. मला कळेल असं सांग.”

तिने पुन्हा हात ठेवला. या वेळी डोळे मिटून, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. “डावीकडे, कडेपासून चार बोटं आत, टाचेएवढ्या जागेत खरखर आहे. आडवी. बाकी कुठे नाही.”

“आता कळलं,” दादा म्हणाला, आणि त्याने ब्रश उचलला.